हाकेच्या अंतरावर

लेकीनं उत्तर देण्याआधी आईकडे पाहिलं. खरं म्हणजे एवढंच झालं होतं. रविवारची दुपारची जेवणं उरकत आली होती आणि लेक फोन खाली ठेवून म्हणाली होती की संपलं सगळं, तिच्या जोडीदाराचं मनगट मोडलं, आता तीन आठवड्यांत नवा माणूस आणायचा कुठून. बारा तासांची शर्यत, डोंगरातली, सायकलवरची. सकाळी सहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. दोघांनी आळीपाळीनं फेऱ्या मारायच्या, एक रानात तर दुसरा तंबूत. जोडीत एक बाई आणि एक पुरुष हवा. त्यानं ताटावरून मान वर न करता म्हटलं, "मी येतो की." आणि वर पाहिलं तर लेक आईकडे बघत होती. अर्धा क्षण. मग तिनं चेहरा सारखा केला, हसली आणि म्हणाली, "खरंच येशील, बाबा?" पण त्या अर्ध्या क्षणात मायलेकींचं त्याच्याबद्दल काहीतरी बोलून झालं होतं, आणि ते बोलणं काही आजचं नव्हतं; जुनं होतं, ठरलेलं होतं, दोघींच्या अंगवळणी पडलेलं होतं. आपल्याच घरात आपल्याबद्दल एक मत आहे आणि ते आपल्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही, हे त्याला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, हातातला घास तोंडाशी नेताना कळलं. घास त्यानं खाल्ला. "येतो म्हणजे काय, येतोच," तो म्हणाला. बायको म्हणाली, "अहो, गुडघ्याचं काय?" गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या बहिणीचं सामान चौथ्या मजल्यावर चढवायचं होतं तेव्हा त्यानं ते गुडघ्याचं काढलं होतं, आणि तेव्हापासून ते घरात राहिलं होतं.

तो कवळ्या करायचा. शहराच्या मध्यभागातल्या एका इमारतीच्या मागल्या अंगाला, दोन खोल्यांत त्याचं काम चाले. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत, तो त्या ठशांत प्लास्टर ओतून जबडे काढी, मेणाच्या हिरड्या रचून त्यात एकेक दात बसवी, घासे, चकाकवी. फळीवर पन्नास-साठ लोकांचे जबडे रांगेत मांडलेले असत, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा. माणसं त्याला कधी दिसत नसत, त्यांचे चावे तेवढे दिसत. हात मात्र त्याचा असा होता की डॉक्टर लोक दुसरीकडे बिघडलेलं काम त्याच्याकडे धाडत. केसभर उंच राहिलेला दात तो बोटाच्या टोकानं ओळखी. त्या तीन आठवड्यांत तो काम करता करता मध्येच थांबे. मेणाची सुरी हातात तशीच, आणि समोर लेकीचं ते वळलेलं तोंड. कामावर यायच्या आधी, उजाडता उजाडता, लेक त्याला गावाबाहेरच्या टेकडीवर नेई. जोडीदाराची सायकल त्याच्या मापाला लावून दिलेली होती. ती पुढे, तो मागे. "नजर चाकावर नको, बाबा, पुढे दहा हात. जिथे बघशील तिथे जाशील." त्याला ते पटे. पण नजर आपोआप चाकापुढच्या दगडावर येई, आणि चाक इमानेइतबारे त्या दगडावर जाई. लेक कधी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

तिचं घरातलं नाव भिंगरी. चालायला लागली तेव्हापासून एका जागी म्हणून बसली नाही. ती सहा-सात वर्षांची असताना पाय दुखतात म्हणून रडे, आणि तो तिचे पाय चेपत तिला गोष्टी सांगे. त्यातली एक तिची लाडकी होती. बाबा सोळा वर्षांचा असताना एका दिवसात सायकलवरून घाट ओलांडून पलीकडे गेला आणि परत आला, उतारावर मागचा ब्रेक तुटला तेव्हा चपलेनं चाक दाबून त्यानं सायकल थांबवली, चप्पल जळून अर्धी झाली. गोष्ट खरी होती. घाट होता, ब्रेक तुटला होता, चप्पल घरी आल्यावर सगळ्यांनी पाहिली होती. फक्त सायकल चालवत होता त्याचा थोरला भाऊ, आणि तो मागे कॅरिअरवर बसून, दादाच्या पाठीत तोंड खुपसून, डोळे गच्च मिटून होता. सगळा उतारभर तो "थांबव, थांबव" एवढंच म्हणत होता. पहिल्यांदा सांगताना तो म्हणाला होता, "आम्ही." मग कुठल्या तरी वेळी 'आम्ही'चा 'मी' झाला, आणि लेकीचे डोळे असे मोठे झाले की तो मागे घ्यायचा राहिला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी साडेपाचाला, सगळीकडे दंव आणि गॅसच्या शेगड्यांचा वास असताना, लेक शेजारच्या तंबूतल्या पोरांना तीच गोष्ट सांगत होती. "चपलेनं थांबवली, चपलेनं! माझ्या बाबानं." पोरं तिच्याच वयाची, विशीतली, लांबलचक पायांची. त्यातला एक त्याच्याकडे वळून म्हणाला, "काका, जबरदस्त हं." तो हेल्मेटचा पट्टा लावत होता. पट्टा लागत नव्हता. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती," तो म्हणाला, आणि हे वाक्य कसं धडधडीत खरं आणि धडधडीत खोटं आहे, हे लक्षात येऊन त्याचे कान तापले.

पहिली फेरी लेकीनं मारली. चौदा किलोमीटर, पंचावन्न मिनिटं. ती धुळीनं माखून आली, मनगटातला निळा पट्टा काढून त्याच्या मनगटात अडकवला, पाठीवर थाप मारली. "सावकाश जा. पाणी पीत राहा. पायऱ्यांपाशी उतरलास तरी चालेल." पायऱ्या म्हणजे फेरीच्या शेवटच्या टप्प्यातला दगडी उतार. सगळा चढ संपला, झाडी विरळ झाली, की वाट एकदम खाली पडायची. गुडघाभर उंचीचे पाच-सहा कातळ एकाखाली एक. लेक त्यावरून घरंगळल्यासारखी उतरे. तो पहिल्या फेरीत उतरून, सायकल हातात धरून, कडेकडेनं चालत खाली गेला. तिथे बघे उभे होते, उतार बघायला लोक तिथेच थांबतात. एका बाईनं टाळ्या वाजवल्या. "छान, छान! शहाणपणा महत्त्वाचा!" लहान मुलानं न सांडता दूध प्यायल्यावर वाजवतात तशा टाळ्या. दुसऱ्या फेरीत त्यानं ठरवलं की या बाईसमोर उतरायचं नाही, सायकलवरच राहायचं. पहिला कातळ गेला. दुसऱ्यावर त्यानं चाकाकडे पाहिलं. पुढचं नीटसं आठवत नव्हतं, तोंडात माती, कोपर सोललेलं, सायकल अंगावर, आणि वरून कुणीतरी ओरडतंय, "वाट सोडा! वाट सोडा!" तो रांगत बाजूला झाला. तंबूत आल्यावर लेकीनं फेरीला निघण्याआधी घाईघाईनं कोपर धुतलं. "तिसरे आहोत आपण बाबा! जोड्यांमध्ये तिसरे!" ती म्हणाली. ती उकडलेला बटाटा मिठात बुडवून खात होती आणि तिचे डोळे चमकत होते. तिसरे कुणामुळे आहोत हे दोघांनाही माहीत होतं, आणि ती 'आपण' म्हणत होती.

साडेअकराला ती तिची तिसरी फेरी मारून आली. अजून तिसरेच. चौथी जोडी सहा मिनिटं मागे. पट्टा त्याच्या मनगटात आला. ऊन आता उभं झालं होतं. चढाला त्याच्या मागून एकामागून एक पोरं येत होती आणि दर वेळी तोच आवाज, "डावीकडून, काका!" तो उजवीकडे होई, चाक वाळूत रुते, पाय टेकावा लागे, पुन्हा सुरू करावं लागे. पण तसं पाहिलं तर काही बिघडलेलं नव्हतं. पायात गोळे नव्हते, चक्कर नव्हती, बाटलीत पाणी होतं. पुढे मनाशी त्यानं हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, ठसा उजेडात धरून बघावा तसं, की कुठेतरी एखादी दुखापत सापडेल. सापडली नाही. चढ संपला, झाडी विरळ झाली, पायऱ्या शंभरेक पावलांवर राहिल्या. खालून लोकांचे आवाज येत होते, त्यात त्या बाईच्या टाळ्याही होत्या. तो सायकलवरून उतरला आणि वाटेच्या बाजूला, एका पडलेल्या बुंध्यामागे, कोरड्या ओघळीत जाऊन बसला. दोन मिनिटं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

ओघळीत सावली होती. वाळलेल्या पानांवर मुंग्यांची रांग चालली होती. वाटेवरून सायकली जात, प्रत्येकीचा आवाज जवळ येई, खडखडे आणि खाली पडे. कुणाला तो दिसत नव्हता. त्याला फार बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं त्याच्या ओळखीचं होतं. बायकोच्या बहिणीचं सामान चढवलं जात असताना खाली टेम्पोत बसून त्याला असंच वाटलं होतं. लेक जन्मली त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात, वरच्या मजल्यावर बायको ओरडत असताना, दोन मजले खाली पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचताना. दादाच्या पाठीत तोंड खुपसलेलं असताना. जगाचं जे काय व्हायचं ते पलीकडे होतंय, आणि आपण कुणाच्या तरी मागे आहोत. वडील गेले तेव्हा शेवटच्या आठवड्यात त्यांच्यापाशी बसायला दादा होता. तो खोल्यांवर कवळ्या करत होता, तातडीचं काम आहे म्हणून. तातडीचं काम होतंही. त्याचं कारण कधी पुरतं खोटं नसे. कारणं तो चांगली बसवी, केसभरही उंच राहू देत नसे.

घड्याळात पाहिलं तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. सहा मिनिटं मागे असलेली जोडी केव्हाच पुढे गेली असणार, आणि तिच्यामागचीही. लेक खाली पट्टा बदलायच्या दोरीपाशी, हेल्मेट घालून, मान उंच करून वाटेकडे बघत उभी असणार. आता खाली जाऊन सांगायचं काय? बसलो होतो? काय होतंय म्हणून बसलास, बाबा? काही नाही, बसलो होतो. हे वाक्य त्यानं मनात म्हणून पाहिलं, आणि ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. त्याची नजर सायकलवर गेली. सीटखालच्या पिशवीत लेकीनं स्वतः घालून दिलेलं चेन उघडायचं छोटं अवजार होतं. तुटलीच तर जोडता यावी म्हणून. कसं वापरायचं ते तिनं दोनदा दाखवलं होतं, त्याला एकदाच पुरलं होतं. कडी खाचेत बसवायची, दांडी फिरवायची, की पिन बाहेर सरकते. चेन तुटली. याला कोण काय म्हणणार? चेन काय, कुणाचीही तुटते. त्यानं अवजार काढलं, सायकल आडवी केली आणि कडी खाचेत बसवली.

तेव्हा खालून पहिली हाक आली. "बाबा!"

लांबून होती, पायऱ्यांच्याही खालून. पण तिचा आवाज तो कुठेही ओळखी. त्याचा हात थांबला. चेन अजून अखंड होती. ओ द्यायची, तर ती येणार, येऊन बघणार: बाबा बसलाय, सायकल धड, चेन धड. "बाबा!" दुसरी हाक, जवळून. तिच्या बुटांच्या तळाच्या लोखंडी पट्ट्या कातळावर वाजत होत्या, ती उतार उलट्या दिशेनं चढत होती, पळत. वरून एक सायकल जोरात आली, खाली ब्रेक किंचाळले, झुडपात काहीतरी कोसळलं, एक पुरुष शिव्या देऊ लागला, आणि तिचा आवाज, "माफ करा, माफ करा, माझे वडील..." त्यानं दांडी फिरवली. बोटांना त्यांचं काम येत होतं. "बाबा!" आता त्या हाकेत काहीतरी फाटलं होतं. ती पाच वर्षांची असताना बाजारात हरवली होती, तेव्हा हा आवाज त्यानं ऐकला होता. तेव्हा तो लोकांना ढकलत, टोपल्या लाथाडत, आवाजाच्या दिशेनं धावला होता. हेही त्यानंच केलं होतं. दांडी जड झाली, मग एकदम हलकी. पिन सुटली, पानांत पडली. "बाबा!" चौथी. चेन सापासारखी खाली लोळली. त्यानं अवजार पिशवीत कोंबलं, हाताला वंगण फासलं, उभा राहिला आणि मग म्हणाला, "इथे आहे गं मी."

ती बुंध्यावरून उडी मारून आली आणि त्याच्या गळ्यात पडली. तिचं सगळं अंग धडधडत होतं. गुडघा फुटला होता, रक्त मोज्यापर्यंत आलं होतं. "लागलं नाही ना? कुठे लागलं? मला वाटलं तू पायऱ्यांवरून... कुणीतरी म्हणालं, एक काका मघा पडले होते..." "चेन," तो म्हणाला, "चेन तुटली. पिनच उडाली. शोधत बसलो." ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. "चेन ना? चेन तर चेन. शहाण्या, ढकलत यायचं ना मग!"

खाली पंच वाट बघत होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी, हातात फळी. त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. चालू शर्यतीत उलट्या दिशेनं वाटेवर जाणं म्हणजे जोडी बाद. यात मागेपुढे बघता येत नाही, आज एकाला खरचटण्यावर निभावलं. लेक म्हणाली, "चूक माझीच आहे. मान्य." बस्स. तिनं हुज्जत घातली नाही, वडिलांचं कारण पुढे केलं नाही. त्यानं तिच्या मागे उभं राहून हे ऐकलं. पंचांनी त्याच्याकडेही पाहिलं, काही म्हणायचं आहे का, अशा नजरेनं. एक, दोन, तीन क्षण ती नजर त्याच्यावर होती. "तिचा काही दोष नाही," तो म्हणाला. "काळजीनं गेली." पंच म्हणाल्या, "ते दिसतंयच हो," आणि फळीवर रेघ मारली. ज्याला झुडपात जावं लागलं होतं त्या पोराकडे लेक स्वतः गेली, त्याच्या खांद्याला औषध लावलं, पुन्हा माफी मागितली. ती कुणापासून काही लपवत नव्हती. हे तिच्यात आलं कुठून, असं त्याच्या मनात आलं.

सायकल त्यानं मिस्त्रीच्या तंबूत नेली. मिस्त्री म्हातारा होता, सत्तरीला टेकलेला, नाकाच्या टोकावर चष्मा. लेक पाणी आणायला गेली होती. मिस्त्रीनं चेनचं टोक बोटांत धरलं, उजेडाकडे केलं, दुसरं टोक धरलं. तुटलेली कडी कशी दिसते हे त्याला माहीत असणार: पत्रा फाकतो, पिरगळतो. हिचे दोन्ही पत्रे सरळ होते, भोक गोल, स्वच्छ. मिस्त्रीच्या तोंडात काहीतरी टक् टक् वाजत होतं. वरची कवळी सैल होती. हिरडी आत गेली होती आणि कुणी ती नव्यानं बसवून दिलेली नव्हती. त्याला ती न काढताही दिसत होती.

"साहेब काम काय करता?" मिस्त्रीनं विचारलं.

"कवळ्या करतो."

"वाटलंच काहीतरी बारीक असेल. हात चांगला आहे."

त्यानं स्वतःलाच बोलताना ऐकलं, "तुमची वरची सैल झालीय. या ना एकदा खोलीवर. मी नीट बसवून देतो. त्याचं काही द्यायला नको." बोलून झाल्यावर ते वाक्य त्या तंबूत लटकत राहिलं, आणि ते काय आहे हे दोघांनाही दिसलं. मिस्त्रीनं चष्मा वर सरकवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडा कंटाळा होता. "राहू दे," तो म्हणाला. "मला सवय झालीय." मग त्यानं डब्यातून जोडकडी काढली, दोन टोकं जुळवली, पॅडल एकदा गर्रकन फिरवलं. लेक पाणी घेऊन आली तेव्हा तिला म्हणाला, "झालं बाळ. चांगली चेन आहे. टिकेल."

दुपारी घरून फोन आला. लेक तंबूबाहेर फेऱ्या मारत बोलत होती. "बाद झालो गं. नाही, माझ्यामुळे. बाबाची चेन तुटली, मी येड्यासारखी उलटी पळत गेले... अगं त्याला काय बोलतेस, बिचारा शोधत बसला होता पिन." मग फोन त्याच्याकडे आला. सत्तावीस वर्षं बायको त्याची कारणं ऐकत आली होती. "बरे आहात ना?" ती म्हणाली. "हो." "मग झालं." यापुढे ती काही विचारणार नव्हती, कधीच विचारत नसे. तिचं ते न विचारणं तो इतकी वर्षं भोळेपणा समजत आला होता.

सहाला भोंगा झाला. शर्यत संपली, लोक तंबू सोडायला लागले, कुठेतरी बक्षिसांची नावं पुकारली जात होती. तिसऱ्या जोडीचं नाव पुकारलं तेव्हा लेकीनं मनापासून टाळ्या वाजवल्या. मग उठली. "चल. एक फेरी दोघं मिळून. उजेड आहे अजून. नाव कापलंय आपलं, वाट थोडीच कापलीय." तो नको म्हणणार होता. गुडघा जिभेवर आला होता. पण तिच्या गुडघ्यावरची पट्टी दिसली आणि तो निमूटपणे हेल्मेट घालू लागला.

वाट रिकामी होती. मागून कुणी येत नव्हतं. चढाला ती त्याच्या वेगानं चालली, शेवटी दोघं उतरून सायकली हातात धरून शेजारी शेजारी चालू लागली. ती काहीबाही बोलत होती, पुढच्या वर्षी टायर बदलू, तुला थोडं रुंद हँडल हवं. पुढच्या वर्षी! झाडी विरळ व्हायला लागली. बुंधा दिसला. त्याचे पाय तिथे थांबले.

"भिंगरे, चेन तुटली नव्हती."

ती दोन पावलं पुढे गेली होती. वळली.

"मी उघडली. मला काही झालं नव्हतं. इथे बसलो दोन मिनिटं म्हणून, आणि उठलोच नाही. मग काय सांगायचं म्हणून..." त्याला वाटलं होतं की हे बोलायला फार वेळ लागेल. ते एका दमात संपलं. तो चपलेचं आणि घाटाचंही सांगणार होता, पण एका वेळी एवढंच निघालं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं एक मोठा श्वास सोडला, आणि त्याला धक्काच बसला, कारण ती हसली. थकलेलं, पण हसूच. "अरे देवा. बाबा. मग सांगायचं ना! दमलो, भीती वाटते, नाही जात, असं म्हणायचं. मी काय खाल्लं असतं तुला? कोण तिसरं येतंय न् कोण चौथं, मरू दे ना ते." तिनं त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारली. "वेडा आहेस." त्याच्या छातीवरचा दगड सरकला. एवढंच होतं? एवढ्यावर सुटलो? तो हसणार होता, ओठ तसे झालेही होते, तेवढ्यात तिचं हसणं कुठेतरी अडलं. ती बुंध्याकडे, ओघळीकडे, मग पायऱ्यांकडे बघू लागली. अंतर मोजत असल्यासारखी. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट निघून जाताना त्याला दिसली.

"मी हाका मारत येत होते," ती म्हणाली. "तुला ऐकू आल्या?"

नाही म्हणता आलं असतं. वारा होता, सायकली जात होत्या, कारण तयार होतं, नीट बसलं असतं.

"आल्या."

"किती?"

"चार."

झाडांच्या शेंड्यांवरचं ऊन तेवढ्यात विझलं. मग ती अगदी साध्या आवाजात, वेळ सांगावी तशी म्हणाली, "पाच मारल्या होत्या मी."

कुठली राहिली? पिन सुटली तेव्हाची असेल, तेव्हा त्याचं सगळं लक्ष बोटांत होतं. ती सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. लेकीनं हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवून. "तू चालत ये," ती म्हणाली. "घाई करू नको. कडेनं ये." आवाजात राग नव्हता. बसमध्ये एखाद्या वयस्क माणसाला उतरताना सांगतात, तसा तो आवाज होता. मग ती सायकलवर बसली आणि मागे न बघता पायऱ्यांवरून खाली गेली. ब्रेकचा आवाज, टायरचा, एकदा दगडाचा. मग काहीच नाही.

तो उभा राहिला. खालून हाक येईल म्हणून वाट पाहिली, आणि आपण वाट पाहतोय हे कळल्यावर त्याला तोंड कुठे लपवावं असं झालं, तिथे बघायला कुणी नसताना. तो सायकल धरून उतरू लागला. पहिला कातळ, दुसरा. संधिप्रकाशात कडा नीट दिसत नव्हत्या. तिसऱ्याशी सायकल घसरली, तो बसला, सायकल धडाधड खाली गेली आणि कुठेतरी अडकली. लागलं नव्हतं. पण खाली वाट वळत होती, वळणापलीकडे काही दिसत नव्हतं, आणि ती तिथे आहे की केव्हाच तंबूकडे गेली, हे कळायला मार्ग नव्हता. गेली असली तर त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. तो कातळावर बसून राहिला. शेवटी त्यानं हाक मारली. आयुष्यात त्यानं तिला हजारदा हाक मारली असेल, अशी भीत भीत कधी मारली नव्हती.

"भिंगरे!"

हाक पुरती संपलीही नव्हती. वळणापलीकडून, अगदी जवळून, तिनं लगेच ओ दिली.